तिसरा शेरा

मी शहाद्याच्या मामलेदार कचेरीत उमेदवार कारकून म्हणून चिकटलो, तेव्हा दुसरी लढाई अजून पेटायची होती आणि आमच्या मुलखाला पश्चिम खानदेश म्हणत. उमेदवार म्हणजे काम पुऱ्या कारकुनाचे आणि मान पट्टेवाल्याहून कमी. तरी माझी ऐट विचारू नका. ब्राह्मणपुरीच्या आमच्या घरात फायनलची परीक्षा पास झालेला मी पहिलाच. घरी आई म्हणायची, "जेवाले बस." मी म्हणायचो, "जेवाले नाही, जेवायला." ती बिचारी हसायची आणि वाढायची. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, हे तिने मला कधी तोंडावर ऐकवले नाही, हे तिचे मोठेपण.

प्रकाशा ते शहादा अशी एक सर्व्हिस मोटार तेव्हा चालायची. तिच्या ड्रायव्हरबद्दल मला लिहायचे आहे. या माणसाचे लायसन माझ्या हातून जाता जाता वाचले, आणि ते कसे हे आजवर मी घरात दोघा-तिघांनाच सांगितले आहे.

माणूस चाळिशीचा, काळा, उंच. अंगात खाकी कोट, डोक्याला फेटा. आधी तो कापसाच्या जिनिंगमध्ये इंजिनावर होता, तिथून मोटारीवर आला. हँडल मारताना तो कान असा कलता धरायचा की गर्दीतली माणसे आपोआप गप्प व्हायची. इंजिन एकदा धडधडले की त्या आवाजावरूनच तो सांगायचा, आज प्रकाशाच्या अलीकडे थांबावे लागणार. आणि थांबावे लागायचेच. रस्त्यात कोणी म्हातारे हात दाखवील तर गाडी अशी हळू उभी करायचा की आतल्या बायकांच्या मांडीवरची टोपली हलत नसे. लायसन तो मेणकापडात गुंडाळून कोटाच्या आतल्या खिशात ठेवी. कोणी पाहायला मागितले तर आधी हात पुसून मगच बाहेर काढी.

पण या गुणी माणसाला एक खोड होती. रस्ता मोकळा दिसला की त्याचा पाय आवरत नसे.

गावाच्या हद्दीत तासाला दहा मैलांहून जास्त वेगाने मोटार हाकायची नाही, असा नियम होता. नाक्यावर तशी पाटीही होती. पाटीवर नुसतेच मोठ्या अक्षरात 'दहा मैल' लिहिलेले, त्यामुळे बाजाराला येणारे गाडीवान तिच्यासमोर बैल थांबवून एकमेकांना विचारायचे, आता इथून आणखी दहा मैल कुठे जायचे? नियम मोडला तर दंड व्हायचा आणि मॅजिस्ट्रेट लायसनवर शेरा मारायचे. दंड भरला की संपला. शेरा मात्र कपाळावरच्या रेघेसारखा, तो पुसला जात नसे. आमचे मामलेदारच मॅजिस्ट्रेट होते. आम्ही त्यांना रावसाहेब म्हणायचो. कोकणातले, बारीक अंगाचे, कमी बोलणारे. अहिराणी त्यांना ओ की ठो कळत नसे.

पहिल्या वेळी ड्रायव्हरला उभे केले, तेव्हा मी नवाच होतो. रावसाहेबांनी विचारले, गुन्हा कबूल आहे का? वकील नाही, ओळख नाही, सबब नाही. ड्रायव्हर म्हणाला, "व्हय, रावसाहेब. रस्ता मोकया व्हता, मन व्हयनं. जोरमा काढी." मी ते मराठीत करून सांगितले: रस्ता मोकळा होता, मन झाले, जोरात काढली. कबुली इतकी सरळ होती की रावसाहेबांचा टाक क्षणभर दौतीतच राहिला. दंड झाला, शेरा पडला. दुसऱ्या वेळी दुसऱ्या मालकाच्या मोटारीशी त्याने शर्यत लावली होती. "त्या डायवरले दखाडानं व्हतं," असे त्याने भर कोर्टात सांगितले. त्या वेळी तो दुसरा ड्रायव्हर मागच्या बाकावर बसून "मी तर हळूच होतो" अशी शपथ घ्यायच्या तयारीत होता. रावसाहेबांनी दुसरा शेरा मारला आणि लायसन परत देताना बजावले, "तिसरा शेरा पडला तर हे लायसन पुन्हा तुमच्या हातात पडणार नाही. ध्यानात ठेवा."

"ठेवसू, रावसाहेब," तो म्हणाला. आणि त्याने ते ठेवले. पुढचे सहा-आठ महिने त्याची मोटार नाक्याच्या अलीकडूनच अशी संथ व्हायची की शाळेतली पोरे तिच्या मागे चालत चिडवायची, म्हणायची, "डायवरना बैल थकनात."

मग एक नवा हवालदार आला. साताऱ्याकडचा, दांडगा, कामाचा उत्साह भलताच. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, त्यातली गत. मोटारीचा वेग मोजायला लोक घड्याळ वापरतात, याच्याकडे घड्याळ नव्हते. तो धुळीवरून वेग ठरवायचा. एका बाजाराच्या दिवशी मोटार नाक्यातून आत आली तेव्हा नाक्यावरच्या निंबाइतकी धूळ उडाली, एवढ्या पुराव्यावर त्याने ड्रायव्हरला अडवले. साक्षीला म्हणून मोटारीतल्या एका बाईचे नाव-गाव लिहून घेतले. ती कळसाडीची होती. प्रकाशाला महादेवाचे दर्शन करून परत निघाली होती आणि ड्रायव्हरच्या मागच्याच बाकावर बसली होती. हवालदाराने तिला तिथल्या तिथे विचारले होते, "मोटार पळत होती ना?" ती म्हणाली होती, हो. झाले.

खटला उभा राहिला. रावसाहेबांनी नेहमीचा प्रश्न केला. ड्रायव्हर हात जोडून म्हणाला, "नही, रावसाहेब. आते नही."

रावसाहेबांनी मान वर केली. दोनदा हो म्हणणारा माणूस आज नाही म्हणत होता, हे त्यांना खटकले असावे. पण कोर्ट काही विश्वासावर चालत नाही. त्यांनी बाईला बोलावले.

बाई पन्नाशीची, नऊवारी खोचलेली, आवाज शेतात वाढलेला. पिंजऱ्यात उभी राहताच तिने आधी पिंजऱ्याचा कठडा हलवून पाहिला. दुभाषा म्हणून वेगळा माणूस कचेरीत नव्हता, ते काम माझ्याच गळ्यात होते. रावसाहेब विचारीत, मी साक्षीदाराला सांगे, आणि साक्षीदार बोलेल ते शुद्ध मराठीत करून लिहून घेई. या कामात मी स्वतःला फार वरचढ समजत होतो.

"मोटार कशी येत होती?" रावसाहेबांनी विचारले.

"कशी म्हंजे? पयी ऱ्हायनी व्हती," बाई म्हणाली.

आमच्या बोलीत 'ळ'चा 'य' होतो. काळा तो काया, डोळा तो डोया, पळणे ते पयणे. मी मोठ्या टेचात सांगितले, "रावसाहेब, बाई म्हणते, मोटार पळत होती."

"नक्की?"

"हा हा, पयीच ऱ्हायनी व्हती. मोटर शे ना ती!"

लोक हसले. 'मोटार आहे ना ती' हे शेवटचे वाक्य बडबड म्हणून मी सोडून दिले आणि कागदावर लिहिले, 'मोटार पळतच होती, याबद्दल मला खात्री आहे.' मग नियमाप्रमाणे जबानी वाचून दाखवली. शुद्ध मराठीत, अक्षर न् अक्षर सुटे करून. बाई म्हणाली, "बराबर." अंगठा उठला. ड्रायव्हरने एकदा माझ्याकडे पाहिले. रागाने नाही, नुसतेच पाहिले आणि मान खाली घातली. रावसाहेबांनी ते मेणकापड सोडून लायसन आपल्यासमोर ठेवले आणि म्हणाले, "निकाल जेवणानंतर."

मी ओसरीवर आलो. चांगली जबानी लिहिली म्हणून मनातून खूश होतो, ही गोष्ट मी लपवत नाही. बाई कचेरीच्या आवारात लिंबाखाली भाकरी खात बसली होती. तिने पट्टेवाल्याला विचारले की डायवर असा का बसला आहे, घरी कोणी मेले का? पट्टेवाला म्हणाला, मेले नाही, पण तुझ्या बोलण्यावरून त्याचे लायसन जाते आहे. बाईने भाकरी फडक्यात बांधली आणि तरातरा माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"ओ भाऊ, मन्हा नाववर काय लिखं तू?"

"तुम्ही सांगितलंत तेच. मोटार पळत होती."

"मंग पयीच ना! जोरमा व्हती आसं मी कव्हय म्हनं? बैलगाडी चालस, मोटर पयस. ती काय पायवरी चालस का?"

मी काहीतरी पुटपुटलो. कायदा, जबानी, अंगठा वगैरे. तिने ते सगळे माशी वारावी तसे हाताने वारले.

"तू कोनता गावना शे?"

"ब्राह्मणपुरीचा."

"मंग तुन्ही माय मोटरले काय म्हनस?"

मला आई आठवली. मागच्याच पावसाळ्यात आमच्या शिवारात एक मोटार चिखलात रुतली होती. इंजिन बंद, पुढे दोन बैल जोडलेले, मागून चार माणसे ढकलत होती. मुंगीच्या पायाने ती पुढे सरकायला लागली, तेव्हा आई अंगणातून ओरडली होती, "दखा, दखा, मोटर पयी ऱ्हायनी!" आणि मी हसलोही नव्हतो, कारण आमच्याकडे मोटारीला दुसरे क्रियापद नव्हतेच. मोटार हळू असो की जोरात, ती पळतेच. हवालदार साताऱ्याचा, रावसाहेब कोकणातले, त्यांना हे कुठून कळणार? खोलीत हे कळणारा कारकून एकच होता, आणि तो शाळेतली मराठी मिरवण्यात दंग होता.

आता काय करावे? खरे सांगतो, पहिला विचार ड्रायव्हरचा आला नाही. पहिला विचार असा आला की मी उमेदवार आहे, जबानी चुकीची लिहिली असे माझ्याच तोंडून बाहेर पडले तर संध्याकाळी ब्राह्मणपुरीचा रस्ता धरावा लागेल. अंगठा तर उठलाच आहे. बाईने स्वतः 'बराबर' म्हटले आहे. कोण विचारतो? हे सगळे माझ्या डोक्यात चालू असताना ती बाई समोरून हलायला तयार नव्हती. ती फक्त बघत होती. पलीकडे ड्रायव्हर भिंतीला टेकून बसला होता आणि कोटाच्या रिकाम्या खिशावर त्याचा हात होता. मला स्वतःची लाज वाटली, म्हणून मी उठलो. शौर्यबिर्य काही नाही.

रावसाहेब डबा संपवून हात धूत होते. मी उभ्या उभ्या सगळे सांगून टाकले. त्यांनी टॉवेलने एकेक बोट पुसले.

"ही बोली तुमचीच ना?"

"हो, रावसाहेब."

"मग हे तुम्हाला आधी माहीत होते."

"होते."

"मग लिहिले कसे?"

"शब्द तोच होता, रावसाहेब. अर्थाकडे पाहिले नाही."

आता बडतर्फ करतात की काय, असे मला वाटले. ते म्हणाले, "चला." एवढेच.

कोर्ट पुन्हा बसले. लोक निकाल ऐकायला जमले होते. रावसाहेबांनी जे केले ते त्यानंतरच्या माझ्या सगळ्या नोकरीत मी दुसऱ्या कुणाला करताना पाहिले नाही. ते भर कोर्टात म्हणाले, "सकाळी साक्षीदाराचे म्हणणे ऐकण्यात या कोर्टाची चूक झाली आहे. साक्ष पुन्हा घेतली जाईल." चूक माझी. त्यांनी ती स्वतःच्या अंगावर घेतली आणि माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही.

मग त्यांनी बाईला एकेक विचारायला सुरुवात केली. त्यांचा चेहरा गंभीर, जणू खुनाचा खटला आहे.

"बैलगाडी काय करते?"

"चालस."

"घोडा?"

"चालस बी, पयस बी. त्यानी मरजी."

"आणि मोटार?"

"पयस."

"अगदी हळू असली तर?"

बाईला प्रश्नच येडचाप वाटला. "मंग धीरे पयस!"

सगळी खोली हसली. रावसाहेबांच्या मिशाही हलल्या. त्यांनी 'धीरे' हा शब्द माझ्याकडून दोनदा समजून घेतला आणि विचारले, "त्या दिवशी मोटार जोरात पळत होती की धीरे?"

"धीरे."

"कशावरून सांगता?"

"आता ते काय! मन्ही ननंद नाकापाईन मोटरना संगे संगे चाली ऱ्हायनी व्हती. ती बाहेर, मी मजार. घरमा मिरच्या वायत घाल्या का, कोनी राखन करी, समदं तिन्हं सांगीसन व्हयनं. मंग बी तिन्हं तोंड बंद व्हयेना."

नणंद मोटारीच्या बरोबरीने चालत होती आणि चालता चालता घरचा सगळा कारभार सांगून झाला होता. याहून चांगले घड्याळ हवालदारालाही मिळाले नसते.

हवालदार उठून म्हणाला, "पण साहेब, धूळ?"

बाईने त्याच्याकडे कीव आल्यासारखे पाहिले. "धूय मेंढ्यास्नी उडाडी ना, बाबा! मोटरना पुढे मेंढ्या व्हत्यात. मेंढ्यास्वर मोटर घाली देतीन का?"

"हवालदार, पुढे मेंढ्या होत्या?" रावसाहेबांनी विचारले.

"होत्या, साहेब."

"हे सकाळी का सांगितले नाही?"

"साहेबांनी विचारले नाही."

रावसाहेबांनी डोळे मिटून घेतले. मग मला म्हणाले, "दुरुस्त जबानी लिहा. आणि बाईंना वाचून दाखवताना त्यांच्या बोलीत वाचा."

कचेरीत, टेबलामागे उभे राहून, कागद हातात धरून, मी आयुष्यात पहिल्यांदा घरची भाषा मोठ्याने बोललो. सोपे गेले नाही. 'पयी ऱ्हायनी व्हती' म्हणताना जीभ अडखळली. मागच्या बाकावरून कोणीतरी खुसखुसले. बाई मात्र मान डोलवत ऐकत होती. शेवटी तिने एक जागा सुधारून दिली, माझे क्रियापद तिला पसंत पडले नव्हते. मी मुकाट्याने सुधारले. मग अंगठा उठला.

ड्रायव्हर निर्दोष सुटला. रावसाहेबांनी लायसन मेणकापडात स्वतःच्या हाताने गुंडाळले आणि ते देताना एवढेच म्हणाले, "तुम्ही दोनदा खरे बोललात. तिसऱ्यांदाही खरेच बोलत असाल, हे मला आधी सुचायला हवे होते." मामलेदाराने मोटार ड्रायव्हरशी असे बोलण्याचा तो काळ नव्हता. मला ते दोघेही त्या क्षणी फार मोठे वाटले. आजही वाटतात.

संध्याकाळी कचेरी सुटल्यावर मी मोटारीच्या अड्ड्यावर गेलो. तो टायरला हात लावून पाहत होता. मला बघून त्याने रामराम केला. माझ्या मनात सकाळची त्याची ती नजर सलत होती. मी विचारले, "तुम्हाला मराठी चांगली कळते. मी चुकीचं लिहितोय हे तुम्ही तिथंच ओळखलं होतं. मग बोलला का नाहीत? लायसन गेलं असतं ना."

त्याने हात फडक्याला पुसले. म्हणाला, "आरोपी कारकूनले खोटा म्हनी ते कोन आयकी? आनी आयकं बी आसतं, ते तुम्हनी नोकरी जाती. तुम्ही नवा शेतस."

"आणि तुमचं काय?"

"मन्हं काय? लायसन गयं ते मी पाछा जिनिंगमा इंजिनवर जासू. तुम्हनी नोकरी गई ते तुम्ही काय करशात, भाऊसाहेब? तुमले ते आते धड आपली बोली बी येत नही."

एवढे म्हणून त्याने हँडल मारले आणि कान कलता करून इंजिन ऐकू लागला. त्याला द्यायला उत्तर माझ्या ओठांवर आले होते. पण ते शुद्ध मराठीत होते, म्हणून मी ते गिळले.